धूर दिसला, अग्नी होता का?

नदी दुथडी भरून वाहू लागली, की वर कुठे तरी पाऊस झाला असणार. मुंग्या अंडी तोंडात धरून निघाल्या, की पाऊस येणार. झाडीतून केका ऐकू आली, की तिथे मोर असणार. शेतावर वाढलेल्या पोराला हे कोणी शिकवावे लागत नाही. न्याय या भारतीय तर्कपरंपरेच्या मूळ ग्रंथातला, म्हणजे गौतमाच्या न्यायसूत्रांतला, एक आक्षेपक मात्र यावरच हल्ला चढवतो. नदी फुगली ती खाली कोणी पाणी अडवल्यामुळेही असेल. मुंग्या निघाल्या त्या कोणी वारूळ मोडले म्हणून. आणि मोराचा हुबेहूब आवाज काढणारा माणूसही झाडीत बसलेला असू शकतो. रोध, उपघात आणि सादृश्य या तीन कारणांनी अनुमान फसते. सबब ते ज्ञानाचे साधन मानूच नये, असे त्याचे म्हणणे.

सूत्रकाराचे उत्तर एका सूत्राचे आहे, पण भाष्यकार वात्स्यायन ते खुलवून सांगतो. पावसाने आलेल्या पुराचे पाणी नुसते वाढलेले नसते. त्याला ओढ असते, त्यावर फेस असतो, फळे, पाने, लाकडे वाहत येतात. अडवून फुगलेल्या पाण्यात यातले काही नसते. म्हणजे दोष अनुमानाचा नाही. अर्धवट पाहून घाईने निष्कर्ष काढणाऱ्याचा आहे.

हा वाद पाठशाळेत बंद करून ठेवता येत नाही. तीन आठवडे खोकणारे मूल समोर बसलेले असताना साध्या फॅमिली डॉक्टरच्या खोलीत तो रोज नव्याने उभा राहतो. हा डांग्या खोकला आहे का? स्वॅब पाठवला, रिपोर्ट आला. आता डॉक्टरला नेमके काय कळले? रिपोर्ट म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले सत्य, अशी आजची समजूत आहे. ती समजूत चुकीची आहे आणि या एका आजारात ती किती महाग पडू शकते, याचे एक ठसठशीत उदाहरण नोंदलेले आहे.

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात लेबनन नावाचे लहानसे शहर आहे. तिथल्या डार्टमथ-हिचकॉक वैद्यकीय केंद्रात २००६ च्या एप्रिलमध्ये एका डॉक्टरबाईंना खोकला लागला आणि तो दोन आठवडे हटेना. पाठोपाठ इतरही कर्मचारी खोकू लागले. संसर्गरोगाच्या जाणकारांच्या मनात डांग्या खोकल्याची शंका आली. शंका रास्त होती. मोठ्या माणसांना हा रोग बेजार करतो, पण तान्ह्या बाळांचा जीव घेतो, आणि मोठ्या रुग्णालयात तान्ही बाळे असतातच. मग सुमारे हजार कर्मचाऱ्यांची झटपट तपासणी झाली. रिपोर्ट येईपर्यंत त्यांना घरी बसवले गेले. १४२ जणांना सांगण्यात आले, की तुम्हाला हा रोग झालेला दिसतो. हजारोंना प्रतिजैविके आणि लस दिली गेली. अतिदक्षता विभागातल्या खाटासुद्धा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर आठ महिन्यांनी सर्वांच्या संगणकावर एक ई-मेल आली: साथ नव्हतीच. ज्या कसोटीला अखेरचा शब्द मानतात, ती जंतू वाढवून पाहण्याची कसोटी एकाही रुग्णात डांग्या खोकल्याच्या बाजूने उतरली नाही. ती माणसे बहुधा साध्या सर्दी-खोकल्यानेच आजारी होती.

या प्रसंगावर हसणे सोपे आहे, आणि तसे हसणे अन्यायाचे आहे. बाळांच्या वॉर्डात काम करणारी माणसे खोकत असताना हात बांधून बसणारे रुग्णालय अधिक दोषी ठरले असते. प्रश्न त्यांच्या हेतूचा किंवा तत्परतेचा नाही. न्यायाच्या नेहमीच्या दाखल्यात बोलायचे तर, १४२ वेळा धूर दिसला आणि अग्नी एकदाही नव्हता, हे घडले कसे, हा आहे.

डांग्या खोकल्याचा स्वभावच असा आहे, की तो ज्ञानाच्या प्रत्येक साधनाला वेळेच्या बाबतीत चकवतो. लागण झाल्यावर साधारण आठवडा-दहा दिवस काहीच दिसत नाही. मग एक-दोन आठवडे नाक गळते, बारीक खोकला असतो. घरात दुसऱ्या कोणालाही होते तशीच ही सर्दी दिसते, आणि नेमक्या याच काळात रुग्ण सर्वांत जास्त लागण पसरवत असतो. पुढे उबळी सुरू होतात. एका दमात दहा-पंधरा ठसके, चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, शेवटी श्वास आत ओढताना येणारा तो लांब आवाज आणि त्यामागोमाग उलटी. रोग ओळखू येतो तो या टप्प्यावर. पण तोवर जंतू माघारी निघालेला असतो. बोर्डेटेला पर्टुसिस हा जीवाणू श्वासनलिकेच्या आतल्या बारीक केसाळ पेशींना चिकटतो आणि आपल्या विषांनी त्यांची नासधूस करतो. तो गेल्यावरही नासधूस राहते, आणि ती भरून येईतो माणूस खोकत राहतो, कधी कधी तीन-तीन महिने. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायाच्या पंडितांच्या, परिभाषेत अग्नी विझल्यावर बराच काळ धूर निघत राहतो.

जंतू डोळ्यांना दिसावा म्हणून माणसांनी काय केले नाही! ज्यूल बोर्दे आणि ऑक्ताव्ह झांगू या दोन बेल्जियन शास्त्रज्ञांनी १९०६ मध्ये बटाटा, ग्लिसरीन आणि रक्त यांच्या मिश्रणावर तो वाढवून दाखवला. १९३२ पासून अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स गावात पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघी प्रयोगशाळेतले दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी घराघरांत जात. मंदीचा काळ होता. रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात त्या मुलाच्या तोंडासमोर काचेची उथळ बशी धरून त्याला खोकायला लावत, झाकण लावत आणि दुसऱ्या घराकडे वळत. बशीतल्या रक्तमिश्रित थरावर काही दिवसांनी पाऱ्याच्या थेंबांसारखे चकचकीत ठिपके उगवले, तर जंतू आहे. प्रत्यक्ष प्रमाणाच्या जवळ जाणारी या आजारातली गोष्ट कोणती असेल, तर हीच. याच बशांवरून त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: खोकला सुरू असूनही काही आठवड्यांनी बशीत काहीच उगवत नाही. मूल खोकते आहे म्हणून ते लागण पसरवत आहे असे नाही, आणि मुलाला कोंडून किती दिवस ठेवायचे, हे त्यावरून ठरवता आले.

या पद्धतीला आज कल्चर म्हणतात. तिचा 'हो' शंभर नंबरी असतो. तिच्या 'नाही'ला मात्र फारसे वजन नाही. जंतू नाजूक आहे. वाटेत मरतो, प्रतिजैविकाचे दोन डोस पोटात गेले तरी उगवत नाही, पहिल्या दोन आठवड्यांनंतर क्वचितच सापडतो. शिवाय उत्तर यायला आठवडा किंवा त्याहूनही जास्त जातो. तेवढा वेळ दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरकडे नसतो.

म्हणून पीसीआर आली. नमुना बशीवर खोकायला लावून नव्हे, काडीने घेतात. तारेसारखी लवचीक, टोकाला कृत्रिम धाग्यांचा गोंडा असलेली काडी नाकपुडीत वर नव्हे, तर तळाला समांतर आत सरकवायची, घशाच्या मागच्या भिंतीला टेकेपर्यंत. तिथे काही सेकंद धरून हलकेच फिरवायची. मुलाचे डोळे भरून येतात, बहुतेक वेळा तिथेच उबळ येते. कापसाची काडी चालत नाही, कारण कापसातले घटक तपासणीत अडथळा आणतात. घाई करून नाकाच्या तोंडाशीच काडी फिरवून काढली, तर पुढची सगळी यंत्रसामग्री फुकट. पीसीआर जिवंत जंतू शोधत नाही. ती त्याच्या जनुकद्रव्याचा एक ठरावीक तुकडा शोधते आणि त्याच्या कोट्यवधी प्रती काढते. बहुतेक प्रयोगशाळा जो तुकडा शोधतात, त्याचे नाव आयएस ४८१. जीवाणूच्या एकेका पेशीत याच्या शेकड्याने प्रती असतात, म्हणून जंतू अगदी थोडा असला तरी सापडतो.

इथेच न्यायसूत्रांतला तो जुना आक्षेपक पुन्हा बोलू लागतो.

हाच आयएस ४८१ तुकडा बोर्डेटेला होल्मेसाय नावाच्या दुसऱ्या जीवाणूतही असतो. तो वेगळा जीव. पण तपासणीला दोघांत फरक करता येत नाही. हे सादृश्य झाले: केका ऐकू आली, मोर नव्हता. दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक. डांग्या खोकल्याच्या काही लशींत, जिवंत जंतू अजिबात नसला तरी, त्याचे जनुकद्रव्य उरलेले असते. ज्या टेबलावर लस टोचली, त्याच टेबलावर तासाभराने खोकणाऱ्या मुलाचा स्वॅब घेतला, तर हाताच्या बोटांवरून, काडीच्या दांड्यावरून ते नमुन्यात उतरू शकते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने असे ठसे दवाखान्यांच्या पृष्ठभागांवर सापडल्याचे सांगून लस आणि स्वॅब यांच्या जागा वेगळ्या ठेवण्याची सूचना दिली आहे. वारूळ आपणच मोडले, आणि मुंग्या निघालेल्या पाहून पावसाची वाट पाहिली. उपघात म्हणतात तो हा.

तिसरी तपासणी रक्ताची. जंतूच्या विषाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे ती मोजते. पीसीआर आणि कल्चर जिथे थकतात, तिथे, म्हणजे खोकला सुरू होऊन दोन-तीन आठवडे उलटल्यावर, ही उपयोगी पडू लागते. कार्यावरून मागच्या कारणाकडे जाणाऱ्या अनुमानाला न्यायात शेषवत् म्हणतात, आणि त्याचे ठरलेले उदाहरण म्हणजे फुगलेल्या नदीवरून वरच्या पावसाचा अंदाज. रक्ततपासणी शब्दशः तेच करते. ते विष होल्मेसाय बनवत नाही, त्यामुळे सादृश्याची अडचण इथे येत नाही. येते ती रोधाची. लशीतही हेच विष निर्विष करून घातलेले असते. वर्षभरात लस घेतलेल्या माणसाच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर सापडतील; ती रोगाने आली की सुईने, हे रक्त सांगत नाही. नदी फुगलेली आहे खरी, पण खाली बांध आहे का, हे विचारावे लागते. आणि ते रक्ताला विचारता येत नाही, माणसाला विचारावे लागते.

तिन्ही तपासण्या अशा रीतीने अनुमानेच आहेत. याचा अर्थ त्या टाकाऊ आहेत, असा मुळीच नाही. फेस, फळे, पाने, लाकडे पाहायची जबाबदारी पाहणाऱ्यावर येते, एवढाच अर्थ आहे. ती जबाबदारी किती मोठी आहे, हे थोड्या हिशेबाने कळते. समजा, एक तपासणी आजारी शंभरांपैकी नव्वदांना बरोबर पकडते आणि निरोगी शंभरांपैकी पाचांना चुकून आजारी ठरवते. हजार खोकणारी माणसे घेतली आणि त्यांत खरा डांग्या खोकला फक्त दहांना असला, तर नऊ खरे सापडतील आणि सुमारे पन्नास खोटे. पॉझिटिव्ह आलेल्या सहा-सात जणांत एक खरा. आता हजारांपैकी ३७० जणांना खरा रोग आहे असे धरले, तर तीच तपासणी ३३३ खरे आणि जेमतेम ३२ खोटे दाखवील. यंत्र तेच, रसायने तीच, कागदावरचा शब्दही तोच. त्या शब्दाचा अर्थ मात्र कोणाचा नमुना, का आणि कोणत्या गर्दीतून घेतला, यावरून उलटापालटा झाला.

३७० हा आकडा हवेतून घेतलेला नाही. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर भागात २००१ ते २००५ या काळात फॅमिली डॉक्टरांकडे आलेल्या, दोन आठवडे किंवा त्याहून जास्त खोकणाऱ्या, ५ ते १६ वर्षांच्या १७२ मुलांची रक्ततपासणी झाली. त्यांतल्या ६४ जणांच्या, म्हणजे ३७ टक्क्यांच्या रक्तात नुकत्याच झालेल्या डांग्या खोकल्याचा पुरावा मिळाला. त्या ६४ मधल्या ५५ जणांचे लसीकरण पूर्ण झालेले होते. ॲन्थनी हार्न्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००६ मध्ये प्रसिद्ध केले. लेबननमध्ये नसलेला रोग ज्या वर्षी शेकड्याने सापडत होता, त्याच वर्षी ऑक्सफर्डशायरमधून कळत होते, की असलेला रोग डॉक्टरांच्या डोळ्यांसमोरून निसटतो आहे. एका ठिकाणी रिपोर्टवर नको तेवढा विश्वास, दुसऱ्या ठिकाणी 'लस झाली आहे, मग हा रोग कसा असेल' या व्याप्तीवर, म्हणजे अटळ मानलेल्या नियमावर, नको तेवढा विश्वास. दोन्ही चुकांचे मूळ एकच: विचारणे लवकर थांबले.

भारतीय तत्त्वज्ञानात या प्रश्नावर दोन मोठे पक्ष आहेत. मीमांसकांचा, विशेषतः कुमारिल भट्टांचा पक्ष असा, की ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधक पुरावा पुढे आला तरच ते सोडायचे. नैयायिक म्हणतात, ज्ञान खरे की खोटे हे बाहेरून ठरते, आणि त्याची कसोटी म्हणजे प्रवृत्तीचे साफल्य. दूरवर पाणी दिसले. जवळ जाऊन प्यायलो आणि तहान भागली, तर ते पाणी. नाही तर मृगजळ. आधुनिक वैद्यक मनाने नैयायिक आहे. औषध देऊन पाहा, गुण आला तर निदान बरोबर.

डांग्या खोकला ही कसोटीच निकामी करतो, आणि या आजारातली ही सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट आहे. ॲझिथ्रोमायसिन जंतूला घालवते, पण उबळी एकदा सुरू झाल्यावर दिल्याने खोकला फारसा लवकर थांबत नाही. म्हणजे निदान बरोबर असूनही औषधाने गुण दिसत नाही. उलट, निदान चुकलेले असेल आणि मुळात साधी सर्दी असेल, तर ती आपोआप बरी होते आणि औषधाने बरी झाल्यासारखी दिसते. लेबननमध्ये हेच घडले असणार. औषधे वाटली, लशी टोचल्या, माणसे बरी झाली, साथ 'आटोक्यात' आली. तहान भागली होती, पाणी नव्हते. जिथे सफल कृतीसुद्धा साक्ष देऊ शकत नाही, तिथे निदानाला आधार कशाचा?

एका माणसाची साक्ष घेता येते, आणि तिचा मान प्रयोगशाळेच्या काळात उगाच कमी झाला आहे. ती साक्ष रुग्णाच्या आईची. उबळींच्या मधल्या वेळेत डांग्या खोकल्याचे मूल ठणठणीत दिसते. दवाखान्याच्या बाकावर ते पाय हलवत बसलेले असते, ताप नाही, छाती स्वच्छ. डॉक्टरच्या प्रत्यक्षात काहीच येत नाही. "रात्री बघा डॉक्टर, जीव जातो की काय वाटतं," असे आई सांगते आणि पुष्कळदा तिच्या हातात खोकल्याची बाटली देऊन तिची बोळवण होते. वात्स्यायनाने आप्ताची व्याख्या करताना स्पष्ट म्हटले आहे, की ज्याने गोष्ट साक्षात अनुभवली आहे आणि जशी अनुभवली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त; मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. रात्रभर मुलाला मांडीवर धरून बसलेली बाई या व्याख्येत चोख बसते. तिचे बोलणे हे तपासणीच्या आधीचे प्रमाण आहे, आणि तपासणीला अर्थ देणारे प्रमाणही तेच.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळच्या कीवर्थ गावचे डग्लस जेन्किन्सन यांनी हे आयुष्यभर करून दाखवले. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये या लशीविषयी भीती पसरली, लसीकरण कोसळले आणि १९७७ च्या सुमारास मोठी साथ आली. जेन्किन्सन यांनी तेव्हापासून आपल्या गावातला प्रत्येक रुग्ण नोंदवायला सुरुवात केली आणि १९९२ पर्यंत ओळीने ५०० रुग्णांचा क्रम टिपला. संशोधनसंस्था नाही, मोठे रुग्णालय नाही; एका गावचा दवाखाना. या उबळी सरासरी सात आठवड्यांहून अधिक टिकतात, हे त्यांच्या वहीतून कळले. पुढे त्यांनी या खोकल्याचे ध्वनिमुद्रण लोकांना ऐकायला खुले केले, कारण तो आवाज एकदा ऐकलेला माणूस तो विसरत नाही. आज अनेक आया मोबाइलवर उबळीचा व्हिडिओ काढून आणतात. घशाच्या मागची काडी जे सांगू शकत नाही, ते तीस सेकंदांचा हा व्हिडिओ सांगतो, आणि तो पाहायला डॉक्टरने वेळ काढलाच पाहिजे.

तरीही एक जागा अशी आहे, जिथे आवाज, आई, रिपोर्ट यांपैकी कशाचीही वाट पाहायची नसते. न्यायाची ओळख करून देणारा तर्कसंग्रह शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला तापलेल्या लोखंडी गोळ्याचे उदाहरण सांगितले जाते. धूर असेल तिथे अग्नी असतो, पण अग्नी असेल तिथे धूर असतोच असे नाही; लाल तापलेल्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. दोन महिन्यांच्या बाळाचा डांग्या खोकला असा असतो. श्वास आत ओढण्याचा तो प्रसिद्ध आवाज काढायची ताकदच त्या छातीत नसते. कित्येकदा खोकलासुद्धा नावापुरता. बाळ दूध सोडते, निळे पडते, श्वास मध्येच थांबतो. खूण नाही म्हणून रोग नाही, असे इथे म्हणणारा डॉक्टर बाळ गमावतो.

चार्वाक म्हणत, की व्याप्ती कधीच सिद्ध होत नाही, म्हणून शंका कधीच संपत नाही. दहाव्या शतकातल्या मिथिलेच्या उदयनाचार्यांनी त्याला फार माणुसकीचे उत्तर दिले: शंकेला मर्यादा असते, आणि ती मर्यादा म्हणजे शंका घेणाऱ्याची स्वतःची कृती. अन्नाने भूक भागते की नाही, अशी शंका काढणारा दुपारी पानावर बसतोच. दवाखान्यात ही मर्यादा घरातल्या पाळण्यापाशी येते. खोकणाऱ्या मुलाच्या घरात तान्हे बाळ आहे किंवा दिवस भरत आलेली बाई आहे, एवढे कळल्यावर डॉक्टरने रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करायचे असते. त्या औषधाचा उपयोग मुलाच्या खोकल्याला नाही, पाळण्यातल्या जिवाला आहे. इंग्लंडच्या कायद्यानेही हेच ओळखले आहे. डांग्या खोकल्याची सूचना आरोग्यखात्याला द्यायची ती निदान पक्के झाल्यावर नव्हे, संशय आल्याबरोबर. न्यायाच्या सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगेच मागे संशय येतो, तो दोष म्हणून नव्हे, विचाराचे पहिले पाऊल म्हणून.

मग घरात बाळ नसेल, रुग्ण बारा वर्षांचा असेल, खोकल्याला पाच आठवडे झाले असतील, औषधाचा काळ टळून गेला असेल, तर तपासणी करायचीच कशाला? रिपोर्ट काहीही आला तरी मुलाला देण्यासारखे काही नाही. हिशेबी माणूस इथे 'राहू द्या' म्हणेल. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले, नाव कळणे हीच एक सुटका असते. दम्याचा पंप, छातीचे एक्स-रे, 'मानसिक असेल' अशी कुजबुज, हे सगळे थांबते, आणि अजून पाच-सात आठवडे हे चालणार आहे पण जाणार आहे, असे घराला सांगता येते. दुसरे उत्तर अधिक मोठे आहे: इथले ज्ञान रुग्णासाठी नसतेच मुळी. ते अशा कोणासाठी तरी असते, ज्याचे तोंडही त्या मुलाला कधी दिसणार नाही.

इंग्लंडमध्ये अशा शाळकरी मुलांच्या घरी टपालाने एक छोटी पेटी येते. काडीवरचा स्पंज काही वेळ हिरड्यांवरून फिरवायचा, नळीत घालायचा, पत्ता छापलेल्या पाकिटातून लंडनच्या कॉलिंडेल भागातल्या प्रयोगशाळेत पाठवायचा. थुंकीत उतरलेली प्रतिपिंडे तिथे मोजली जातात. उत्तर येते तेव्हा मुलाचा खोकला बहुधा उतरणीला लागलेला असतो. पण ती नोंद मोजणीत जाते. अशाच मोजणीतून २०१२ ची साथ स्पष्ट झाली. त्या वर्षी १४ अर्भके दगावली, आणि ऑक्टोबरपासून गरोदर स्त्रियांना लस द्यायचे ठरले. आईच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात आणि त्याच्या स्वतःच्या लशीची वेळ येईपर्यंत त्याला राखतात. ही लस घेतलेल्या आईच्या बाळाला रोग होण्याचा धोका दहापैकी नऊ हिश्श्यांनी कमी होतो. पुढे काही वर्षांत लस घेणाऱ्या गरोदर स्त्रियांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या वरून ६० च्या खाली घसरले. २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये तपासणीने पक्के झालेले रुग्ण सुमारे १५ हजार होते आणि दगावलेली अर्भके ११. गरोदरपणी लस घ्यावी की नाही, या विचारात बसलेल्या बाईसमोर तिथल्या डॉक्टरला आज हा आकडा ठेवता येतो, तो ज्यांना स्वतःच्या रिपोर्टाचा काही उपयोग उरला नव्हता अशाही पुष्कळ मुलांनी नमुना दिला म्हणून.